बालवाडीच्या सफरचंद आठवड्यासाठी सफरचंदं, रिकामे ट्रे आणि थोडी माणसं पाहिजेत

नमस्कार मंडळी, गावभागातल्या आपल्या महिला मंडळाच्या बालवाडीकडून हे आवाहन आहे. दसरा झाला की पुढच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत बालवाडीत सफरचंदाचा आठवडा घ्यायचा ठरलंय, म्हणजे आठवडाभर खेळ, गाणी, रंग, मोजणी, खाणं सगळं सफरचंदाभोवती. मुलं ३८ आहेत, तीन ते सहा वर्षांची. पैसे फारसे लागणार नाहीत, वस्तू आणि माणसं लागणार आहेत, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू तुमच्या घरात नाहीतर दुकानाच्या मागं पडूनच असतील म्हणून जरा शेवटपर्यंत वाचा.

आता पहिला प्रश्न, जो मीटिंगमधे पण निघालाच, की सांगलीत राहून सफरचंद कशाला, आपल्या तासगावची द्राक्षं काय वाईट आहेत का? वाईट नाहीत, पण ती येणार जानेवारीनंतर, तेव्हा त्यांचाही आठवडा घेऊ. शिवाय द्राक्ष ह्या वयाच्या पोरांच्या हातात आख्खं देताच येत नाही, घशात अडकायची भीती असते, उभं चिरूनच द्यावं लागतं. केळं चार जणांनी हाताळलं की त्याचा लगदा. सफरचंद कसं, टणक असतं, ३८ पोरांनी लोळवलं, झेललं, पाण्यात बुडवलं तरी दुसऱ्या दिवशी परत खेळायला हजर. आणि आत्ता मार्केटला काश्मीरचा माल भरपूर आहे, दिवाळीपर्यंत असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पोरं रोज तक्त्यावर बोट ठेवून ए फॉर ॲपल म्हणतात, एकदम तोंडपाठ, पण आपल्याकडं बऱ्याच घरांत सफरचंद येतं ते कुणीतरी दवाखान्यात ॲडमिट झालं की, आणि तेही आई फोडी करूनच हातात देते. आख्खं सफरचंद स्वतःच्या दोन हातात धरलंय, वास घेतलाय, दांडी ओढून बघितलीय असं किती जणांनी केलं असेल? त्यामुळं आधीच हात जोडून सांगते, फळांचे तक्ते नकोत, प्लास्टिकची फळं नकोत, लॅमिनेट केलेली चित्रं तर नकोतच, ती एक कपाट भरून आहेत. खरी सफरचंदं द्या.

आपण सफरचंद नेहमी दांडीपासून खाली उभं कापतो, त्यामुळं आतली गंमत दिसतच नाही. आडवं कापा, मधोमध. पाच टोकांची चांदणी दिसते, पाच कप्पे, प्रत्येकात साधारण एक नाहीतर दोन बिया. परवा ताईंनी नमुना म्हणून एक कापून दाखवलं तर पुढं बसलेली एक चिमुरडी म्हणली, "ह्याच्या पोटात फूल हाय." झालं, मग चांदणी का फूल यावर पंधरा मिनिटं नुसता कल्ला, ताईंना मधे बोलायला जागाच नाही. आठवड्यात हे रोज करायचंय, कापायच्या आधी प्रत्येकानं बोटं वर करून सांगायचं आत किती बिया असतील, फळ्यावर तेवढ्या रेघा मारायच्या, मग कापून मोजायचं. दर वेळी आकडा वेगळा निघतो हीच मजा, पाठ केलेलं उत्तर चालतच नाही. लाल, पिवळं आणि हिरवं अशी तिन्ही मिळाली तर चव घेऊन आपल्याला आवडलं त्या रंगाची टिकली कागदावर चिकटवायची, कुठली रांग लांब झाली ते पोरं लांबूनच सांगतात, तेच त्यांचं गणित.

रंगाचं काम आम्ही हळदीवर करणार आहोत, सांगलीत हळद नाही वापरायची तर मग कुठं? अर्धं कापलेलं सफरचंद फडक्यानं कोरडं पुसायचं, पाठीत काटा-चमचा खुपसला की धरायला मूठ तयार होते, आणि दाट कालवलेल्या हळदीत बुडवून कागदावर दाबायचं, चांदणीसकट पिवळा ठसा उमटतो. (न पुसता बुडवलं तर सगळं वाहून नुसता डाग पडतो.) मग दुसऱ्या वाटीत त्याच हळदीत जरासा खायचा सोडा टाकायचा, रंग पोरांच्या डोळ्यादेखत विटकरी-लाल होतो. आज्यांना यात नवल वाटणार नाही, हळदीचंच कुंकू होतं हे त्यांना माहीत आहे, पण चार वर्षांच्या पोरासाठी ही जादूच. तर मार्केट यार्डातल्या कुणा व्यापाऱ्यानं अर्धा किलो हळद दिली तर रंगाचा प्रश्नच मिटला. आणि बाबांचे, दादांचे जुने शर्ट पाठवा, उलटे घातले की ॲप्रन होतात, कारण हळदीचे डाग निघत नाहीत आणि मग शिव्या ताईंनाच बसतात.

ठशांसाठी चांगलं फळ वाया घालवायचं नाही, त्याला डागी माल चालतो. फळ मार्केटमधले अडते, एसटी स्टँडजवळचे गाडेवाले, तुमच्याकडं मार लागलेलं, विकलं न जाणारं जे असेल ते द्या, फक्त सडकं, बुरशी आलेलं नको. हे खायला अजिबात दिलं जाणार नाही, त्याची पिशवी वेगळी ठेवणार आहोत.

आणि मार्केटवाल्यांनो, तुम्ही जे रोज फेकून देता ते आम्हाला सोन्यासारखं आहे! पेटीत सफरचंदाखाली तो पुठ्ठ्याचा खळगे-खळगे असलेला ट्रे असतो ना, तो पाहिजे, जितके असतील तितके. एका खळग्यात एक चेंडू, दोनात दोन, ही ओळ भरली ती राहिली, मोठा लाल चेंडू मोठ्या खळग्यात बसतो छोट्यात नाही, असलं तासभर पोरं करत बसतात आणि तुम्हाला वाटेल नुसती खेळतायत. फळावरची फोमची जाळी पण ठेवा, बोटावर चढवून रंगात बुडवली की झाडाची पानं होतात. खोकी पण द्या, मोठी, त्यांची दुकानं होणार आहेत, तराजू करणार आहोत, "सफरचंद काय भाव?" चालणार आहे. आजूबाजूला मिळतंय त्यातूनच शिकवायचं हे काय आमचं डोकं नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढं कोसबाडला हेच करून दाखवलंय.

काही पालकांची तक्रार असते, पोरं नुसती खेळतात, लिहायला कधी शिकवणार? त्यांच्यासाठी एवढंच की पेन्सिल धरायला अंगठा आणि दोन बोटांत जोर लागतो, तो जोर आधी यायला पाहिजे. भिंतीवर जुन्या साडीचं झाड करून त्याला कपड्याच्या चिमट्यांनी कापडी सफरचंदं लावणार आहोत, चिमटा दाबून ती तोडायची आणि परत लावायची. दहा सफरचंदं तोडा आणि बघा तुमची बोटं दुखतात का नाही. तर चिमटे पाहिजेत, लाकडी असले तर उत्तम, आणि लाल-हिरव्या कापडाच्या चिंध्या, ज्या कुठल्याही टेलरकडं ढिगानं असतात.

मैदानी खेळांना काही लागत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सफरचंद आणि रेघेपर्यंत चालत जायचं, चुंबळी आज्यांनीच वळून द्यायच्यात. टबात सफरचंद टाकलं की तरंगतं, कारण त्याच्या आत जवळपास पाव भाग हवाच असते, आणि बटाटा बुडतो, पोरांना आधी विचारायचं कोण बुडणार. दोन फोडी ठेवायच्या, एकीला लिंबू चोळायचं, एक तशीच, डबा खाऊन येईपर्यंत तशीच ठेवलेली तपकिरी पडायला लागते. गाणं ताईंनी मुलांबरोबर बसून केलंय:

पाच सफरचंदं झाडावर,
वारा आला जोरावर,
एक पडलं मातीवर,
किती राहिली फांदीवर?

चाल कुठलीही लावा, पोरं ओरडतातच.

खाण्याबद्दल जरा गंभीरपणे सांगते, मदतीला येणाऱ्या सगळ्यांनी हे वाचाच. कच्च्या सफरचंदाच्या जाड फोडी लहान पोरांच्या घशात अडकू शकतात. त्यामुळं छोट्या गटाला किसून नाहीतर वाफवून, मोठ्या गटाला एकदम पातळ काप, बिया काढूनच, आणि सगळ्यांनी खाली बसून खायचं. तोंडात फोड आणि पायात पळापळ असलं चालणार नाही, मग तो कुणाचाही नातू असो. सुरी फक्त मोठ्यांच्या हातात.

हिशोब असा आहे. शनिवारी प्रत्येक मुलाला एक आख्खं सफरचंद घरी द्यायचंय, म्हणजे आई-बाबांसमोर ते आडवं कापून चांदणी दाखवतील, आणि आठवडाभर खायला, कापायला मिळून आणखी तीसेक लागतील. किलोत साधारण पाच-सहा बसतात, तर बारा-तेरा किलो चांगला माल झाला की काम भागतं. एकट्यानं आख्खी पेटी द्यायलाच पाहिजे असं नाही, कुणी किलोभर दिली तरी चालतंय. फक्त सगळ्यांनी लालच आणू नका, थोडी पिवळी हिरवी पण बघा.

माणसं पाहिजेत ती रोज सकाळी दहा ते बारा, दिवसाला तिघं तरी. कापायला, किसायला, पोरांचे हात धुवायला, आणि एक जण नुसता टबाजवळ बसायला, पाण्याजवळ मोठं माणूस पाहिजेच. रिटायर झालेले काका लोक, तुम्हाला पण सांगतोय, फक्त काकूंना पाठवू नका. फोटो काढायला येणारे भरपूर आहेत, ते नकोत, एक ताई काढेल आणि पालकांना विचारल्याशिवाय कुठं टाकायचे नाहीत असं ठरलंय.

पैसेच द्यायचे असतील तर खजिनदार काकूंकडं द्या आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका. त्यातून लिंबं, कागद, डिंक येईल, उरले तर नवीन सतरंजीला जातील, जुनीची अवस्था ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको.

सामान दसऱ्यानंतरच्या शनिवारपर्यंत बालवाडीत सकाळी नऊ ते एक या वेळात आणून द्या. ट्रे, खोकी आत्तापासून दिली तरी चालतील, ओली नसावीत एवढंच. खाण्याची सफरचंदं मात्र रविवारी संध्याकाळी आणा, आधी आणली तर उंदरांचा आठवडा होईल. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी निरोप द्या, मंडळाचा फोन नंबर बालवाडीच्या दारावर लावलाय, फळ मार्केटमधून पेट्या आणायला एका पालकाची रिक्षा आहे, तो मंगळवार आणि शुक्रवारी चक्कर मारणार आहे.