डोलत्या पवनचक्कीचे गणित वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरंगत्या पवनचक्क्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. स्कॉटलंडमध्ये पीटरहेडसमोर 2017 पासून वीज देणाऱ्या हायविंडच्या पाच चक्क्यांची माहिती छान आहे. मात्र जमिनीवरच्या चक्कीवर वाऱ्याचा जेवढा भार येतो तेवढाच तराफ्यावरच्या, म्हणजे तरंगत्या पायावरच्या, चक्कीवर धरायचा, हे लेखातले विधान चुकीचे आहे. तसे गणित केले तर चक्की कागदावर स्थिर दिसते आणि समुद्रात डोलत सुटते.

या क्षेत्रात सगळे जिच्यावर ताळा करतात ती अमेरिकेच्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेची 5 मेगावॉटची नमुना चक्की घ्या. रोटरचा, म्हणजे पात्यांच्या चक्राचा, व्यास 126 मीटर, हब (पाती जोडलेला मधला भाग) 90 मीटर उंच. वारा सेकंदाला 11.4 मीटर झाला की ती पूर्ण वीज देते आणि रोटरला मागे रेटणारा जोरही तेव्हाच सर्वाधिक असतो, सुमारे 800 किलोन्यूटन. वारा त्याहून वाढला की कंट्रोलर पाती वळवून जादा ताकद सोडून देतो आणि जोर उतरत जातो. सेकंदाला 25 मीटर वाऱ्याला तो निम्म्याच्या आसपास येतो. सगळी गोम या उतारात आहे.

हीच चक्की 120 मीटर बुडालेल्या खांबासारख्या पायावर ठेवली की तिचा पुढेमागे एक झोका साधारण 30 सेकंदांचा होतो. पाण्याच्या पातळीभोवती फक्त दोन-दोन अंशांचा झोका धरला तरी हब सेकंदाला 0.65 मीटरपर्यंत वेगाने हलते. चक्की वाऱ्याच्या तोंडावर झुकताना पात्यांना वारा वाढल्यासारखा लागतो. पाती आहेत तशीच राहिली असती तर जोर वाढून झोका आवरला गेला असता. पण जमिनीवरून आणलेला कंट्रोलर चपळ असतो. वारा वाढला असे समजून तो पाती वळवतो, जोर घटतो आणि चक्की आणखी पुढे येते. मागे जाताना नेमके उलटे. म्हणजे झोपाळ्याला दर फेरीला वेळेवर हात लावत राहावे, तसे. झोका आवरण्याऐवजी वाढवणाऱ्या या प्रकारालाच ऋण डॅम्पिंग म्हणतात. म्हणून या चक्कीत कंट्रोलरची वारंवारता (त्याच्या प्रतिसादाची चपळाई) सेकंदाला 0.6 रेडियनवरून 0.2 वर, म्हणजे तराफ्याच्या झोक्याच्या 0.21 च्या खाली आणली गेली आणि जोराच्या वाऱ्यात विजेऐवजी जनित्राचा टॉर्क (पीळ) स्थिर ठेवला गेला. फुकट काहीच नसते: आता रोटरचा वेग आणि वीज जास्त हेलकावतात.

पात्यांवरचा भार काढायला आजही ब्लेड एलिमेंट मोमेंटम (पात्याचे तुकडे धरून प्रत्येकावरचा भार काढणारी) हीच पद्धत चालते, कारण हजारो रन (संगणकावरच्या चाचण्या) तिच्यावरच परवडतात. तिच्यात डायनॅमिक इनफ्लो, म्हणजे रोटरमधला प्रवाह उशिरा बदलण्याचा हिशेब, चालू आहे ना, हे आधी पाहावे. पाती झटकन वळली की जोर आधी वाजवीपेक्षा जास्त बदलतो आणि मग सावकाश बसतो. या विलंबाची मोजपट्टी म्हणजे रोटरची त्रिज्या भागिले वाऱ्याचा वेग. 5 मेगावॉटला 63 भागिले 11.4, साडेपाच सेकंद. 240 मीटर रोटरच्या 15 मेगावॉटच्या चक्कीला ती अकराच्या घरात, म्हणजे थेट लाटांच्या आवर्तनकाळाशी जाऊन भिडते. तरीही सीएफडीशिवाय (हवेच्या प्रवाहाच्या सविस्तर संगणकी गणिताशिवाय) काही खरे नाही, असा सूर नको. मिलानच्या वातबोगद्यात 1:75 प्रमाणातला रोटर मुद्दाम हलवून मोजमापे घेतली, तेव्हा साध्या पद्धतीची उत्तरेही बऱ्यापैकी जुळली.

आता रोजच्या चुका. जमिनीवरच्या सवयीने दहा मिनिटांचे सहा रन घेतले जातात. वरच्या चक्कीचे पुढेमागे सरकणे फेरीला दोन मिनिटांहून किंचित जास्त घेणारे, म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम पाच फेऱ्या. त्यावरून कमाल भार सांगणे म्हणजे अंदाजपंचे. रन तासाभराचा घ्यावा, सुरुवातीची काही मिनिटे टाकून द्यावीत आणि तराफ्याला आधीच अंदाजे कलवून व सरकवून सुरू करावे. दुसरी चूक वाऱ्याच्या ग्रिडची, म्हणजे वाऱ्याचा वेग दिलेल्या बिंदूंच्या जाळ्याची. तो रोटरला जेमतेम पुरेल एवढाच बनवला तर तराफा सरकला किंवा कलला की पात्याचे टोक ग्रिडबाहेर जाते आणि रात्रभर लावलेला रन अर्ध्यावर थांबतो. निदान थांबतो, हे नशीब. तिसरी गोष्ट कलाची. शाफ्ट मुळात 5 अंश वर रोखलेला असतो, त्यात तराफा 5 अंश मागे झुकला की रोटर वाऱ्याला 10 अंश तिरका होतो. तिरक्या वाऱ्याची दुरुस्ती बंद ठेवून काढलेले पात्यांचे थकवा-भार (पुन्हा पुन्हा येऊन पाते थकवणारे भार) मग विश्वासाचे उरत नाहीत.

वादळात थांबवलेल्या चक्कीचा विषय लेखात अजिबात नाही. मे 2021 मध्ये तौक्ते कोकणासमोरून गेले. अशा चक्रीवादळाचे केंद्र जवळून सरकताना वारा काही तासांत दिशा बदलतो. वीज गेलेली असेल तर चक्कीला तोंड फिरवता येत नाही आणि वारा पात्यांवर आडवा येतो. म्हणून पात्याच्या छेदाची लिफ्ट-ड्रॅगची (उचल आणि ओढीची) आकडेवारी वाऱ्याच्या कोनानुसार उणे 180 ते अधिक 180 अंशांपर्यंत भरलेली हवी. ती फक्त स्टॉलपर्यंत (पात्यावरून प्रवाह सुटण्याच्या कोनापर्यंत) भरलेली असेल, तर त्या रनमधून येणारा नांगरसाखळीचा ताण वापरू नये.

आपले,
पवनचक्क्यांच्या भारगणनेत काम करणारे दोन वाचक, पुणे