भाकरी आणि कोल्ड्रिंक एकाच माळेचे मणी नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कार्बोहायड्रेट (म्हणजे भात, भाकरी, साखर यांत असणारे पिष्ट आणि शर्करा) जास्त खाल्ली की प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर व्हायचा धोका 40 टक्क्यांनी वाढतो, असा जो मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत आला, तो वाचून आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरात भात-भाकरी बंद झालीये, म्हणून हे पत्र लिहितेय. पेपरात छापून आलं म्हटल्यावर लोक खरं मानतात, आणि आजारी माणूस तर जास्तच.

ज्या अभ्यासावरून "40 टक्के जास्त धोका" हा आकडा फिरतो तो स्वीडनमधल्या माल्मो शहरातला, 2012 साली प्रसिद्ध झालेला. 45 ते 73 वयाचे 8,128 पुरुष, काय खातात-पितात याची नोंद घेतली आणि सरासरी 15 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, त्यातल्या 817 जणांना प्रोस्टेट कॅन्सर निघाला. आता मुद्द्याची गोष्ट ही की एकूण कार्बोहायड्रेट किती खाल्ली याचा कॅन्सरशी संबंध दिसलाच नाही. 40 टक्क्यांच्या आसपासचा आकडा आला तो साखर घातलेल्या कोल्ड्रिंकचा, तोही जास्त पिणारे आणि अजिबात न पिणारे यांच्या तुलनेत, आणि फक्त त्या कॅन्सरसाठी जो त्रास व्हायला लागल्यावर सापडला. केक-बिस्किटं आणि भात-पास्ता जास्त खाणाऱ्यांत संबंध दिसला, पण तो कमी धोक्याच्या, सावकाश वाढणाऱ्या प्रकाराशी, ज्यात बऱ्याचदा डॉक्टर लगेच ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवतात. जास्त धोक्याच्या कॅन्सरशी संबंध नाही आढळला. आणि 40 टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या चाळीस जणांना होणार असं नाही हो, तिथे सगळे धरून शंभरात दहाएक जणांना 15 वर्षांत झाला, 40 टक्के हा दोन गटांतला फरक आहे. हे एक वाक्य छापायला किती जागा लागते?

शिवाय असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. साखर वाढली की इन्शुलिन वाढतं आणि त्याने कॅन्सरच्या पेशींना खाद्य मिळतं हा तर्क पटण्यासारखा आहे, मग ज्यांना वर्षानुवर्षं डायबेटिस आहे त्यांच्यात हा कॅन्सर उलट जरा कमी का दिसतो? अनेक अभ्यासांत ते दिसलंय. म्हणून डायबेटिसवाल्यांनी साखरेकडे दुर्लक्ष करावं असं अजिबात नाही, पण गणित इतकं सरळ नाही एवढं तरी कळतं.

अमेरिकेत तर प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला, 2020 ला निकाल आला. उपचारानंतर पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, जे कॅन्सरमध्ये वाढू शकतं) परत वाढायला लागलेले, वजन थोडं जास्त असलेले रुग्ण, त्यांना सहा महिने दिवसाला 20 ग्रॅमच्या आत कार्बोहायड्रेट. आपल्या एका मध्यम ज्वारीच्या भाकरीतच त्याहून जास्त असतात! त्यांचं वजन 12 किलोच्या आसपास उतरलं, पण पीएसए वाढायचा वेग, जो मुख्य मुद्दा होता, त्यात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. आणि ते सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं.

आमच्याकडे माझ्या वडिलांना, नानांना, प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. नातेवाइकांनी असलीच कात्रणं आणून दिली आणि नानांनी भाकरी, भात, गूळ, केळं सगळं सोडलं, दोन वेळा मुगाचं पाणी आणि काकडी. पँट कमरेवर राहीना म्हणून पट्ट्याला सुरीने नवीन भोक पाडलं त्यांनी, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबल धरायला लागले. या इंजेक्शनने स्नायू आधीच झिजतात, हाडं ठिसूळ होतात, त्यात पोटाला हे असं. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावून सांगितलं की भाकरी परत सुरू करा, सोबत अंडं, दूध, डाळ घट्ट, आणि रोज चालायचं, थोडं वजन उचलायचं. साखर मात्र सांभाळायची कारण याच इंजेक्शनने रक्तातली साखर आणि पोटावरची चरबी वाढू शकते. कोल्ड्रिंक, बिस्किटं, बेकरीचा मैदा बंद, हे त्यांनीही सांगितलंच, आणि मला ते शंभर टक्के पटतं. लठ्ठपणाने पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो यावर बऱ्यापैकी एकमत आहे, तेव्हा पोट कमी करा असं लिहा ना, ठळक अक्षरात लिहा.

आणि लघवीला रात्री सारखं उठावं लागतं, धार बारीक झालीये, तर ते वयामुळे वाढलेल्या प्रोस्टेटनेही होतं आणि कॅन्सरमध्येही होऊ शकतं, शिवाय सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी पीएसए टेस्ट करायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं, वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर थोडं आधीच. आपल्याकडे पुरुष हे घरात बोलतच नाहीत, बायकोलासुद्धा सांगत नाहीत, त्यांना पेपरातून कळलं तर बरं.

तर विनंती एवढीच की त्याच पुरवणीत, त्याच पानावर, एखाद्या युरोसर्जन आणि आहारतज्ज्ञांकडून तपासून घेतलेला खुलासा छापावा, आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातलं काही बंद करू नये हे त्यात पहिल्या ओळीत यावं.

आपली,
एक नियमित वाचक, इस्लामपूर