मेहुण्यांना आधी फोन कर

मळा, पणजी
२ डिसेंबर

प्रिय अव्या,

‘मेहुणे दुबईहून ड्रोन आणताहेत, माघात मंगेशीच्या जत्रेत रथावरून फिरवू’ हे तुझं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती हसत सुटली. तिनं माझं मिरामारचं प्रकरण पाहिलंय ना.

पण आधी मेहुण्यांना फोन कर. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण अशा कामांना सूट मिळते, तुझ्यामाझ्या हौसेला नाही. इथलाच घे, टाइप सर्टिफिकेट असलेला (म्हणजे ज्याचं मॉडेल सरकारनं मान्य केलंय असा), आणि लगेच नोंदव. १०० रुपये लागतात आणि यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, मिळतो. हौसेसाठी २ किलोपर्यंत पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर गेलास तर विमा मात्र हवाच. उद्या कुणाच्या कौलांवर पडला तर भरून कोण देणार?

आता नकाशा. मी इथेच फसणार होतो. दाबोळीचा विमानतळ कुठे, मिरामारचा किनारा कुठे! कुठ्ठाळीवरून, जुवारीचा पूल ओलांडून जायचं म्हणजे सहलीला निघाल्यासारखं वाटतं. पण विमान काही कुठ्ठाळीवरून जात नाही. डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी साइटवरचा नकाशा उघडला तर मिरामार सरळ रेषेत १२ किलोमीटरच्या आत. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फक्त २०० फुटांपर्यंत उडवता येतं. एरवी हिरव्या भागात ४०० फूट. पिवळ्यात हवाई नियंत्रणाची परवानगी, लाल भागात थेट केंद्राची. त्यात दाबोळी नौदलाचा तळ, आणि २०२३च्या जानेवारीपासून उत्तरेला मोपा. एवढासा आपला गोवा आणि विमानतळ दोन! शिवाय राज्य सरकार एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल करू शकतं, तेव्हा कालचा नकाशा आज धरू नकोस. चुकलास तर दंड १ लाखापर्यंत.

तर मिरामार. मार्चमधली सकाळ, किनाऱ्यावर चार फिरायला आलेले आणि दोन कुत्री. उंची १५० फूट, सगळं नियमात. ड्रोन समुद्राकडे असा सुसाट गेला की मला वाटलं, वा, काय मशीन आहे! मशीन कसलं, पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, त्याला ढकलत होता. परत वळवला तर पुढे सरकेना. बॅटरी ४० टक्के, ३२, २५... पाण्यावर वारा जरा कमी असतो म्हणून खाली आणला आणि रांगत रांगत ओल्या वाळूवर उतरवला तेव्हा ९ टक्के उरले होते. बायको म्हणाली, ‘दर्याला नारळ वाहतात ते ऐकलं होतं, ड्रोन वाहतात हे नवीन.’ तेव्हापासून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जातो आणि येताना वाऱ्यासोबत.

‘रिटर्न टू होम’, म्हणजे ड्रोननं आपणहून परत येण्याच्या सोयीच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. तो घरी येताना किती उंचीवरून येईल ते आधी भरावं लागतं आणि आमचे माड तुझ्या पुण्याच्या गुलमोहरापेक्षा बरेच उंच. फेरीबोटीवरून उडवायचं तुझ्या डोक्यात येईलच, माझ्याही आलं होतं. बोट पुढे जाते, ड्रोनचं ‘होम’, म्हणजे तो उडाला ती जागा, मात्र मांडवीच्या मधोमध राहते. घारींचंही सांगतो. त्यांना आपल्या हद्दीत हे गुरगुरणारं पाखरू खपत नाही. एक झेपावली की मी गुपचूप उतरवतो.

आणि रथ. रथाभोवती माणूस माणसाला चिकटून उभा असतो. पंखा बिघडला तर तो खाली येणार कुठे? माणसांच्याच डोक्यावर ना? मी तरी हात लावणार नाही, आणि देवस्थानाला विचारायलाही तुझ्यासोबत येणार नाही. रथ खालूनच बघ, मान वर करून.

त्याऐवजी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दिवाडी बेटावर जाऊ. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या, बांधावर सकाळी कुणी नसतं. नकाशावर हिरवं दिसलं तर उडवू, नाही तर पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे पाव घेऊन बांधावरच बसू. विमानानं येणार असलास तर बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको. बाकरवडी कुठेही ठेवलीस तरी चालेल.

तुझा,
विनू