तुलुमच्या तयारीबद्दल काकूंचे जाहीर आभार

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'काकू'. फ्लोरिडात टँपाकडची बरीचशी मराठी मंडळी ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही. आभार फोनवर मानून झालेत, पण तुम्ही 'अगं, त्यात काय एवढं' म्हणून विषय आईच्या गुडघ्यांवर नेलात. लेखी मानले की मध्येच तोडता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात आईवडील भारतातून आले की त्यांना क्रूझवर न्यायचं, हे इथे आता घरोघरी चालतं. त्यातल्या कुणाला मेक्सिकोतल्या कोझुमेलला उतरून तुलुमचं माया लोकांचं जुनं शहर बघायचं असेल, तर तुम्ही आमच्याकडून घोटून घेतलेल्या तयारीचा त्यांनाही उपयोग होईल.

पहिल्याच भेटीत तुम्ही आईबाबांचे पासपोर्ट मागितलेत आणि चष्मा सरसावून अमेरिकेच्या व्हिसावरचा 'एंट्रीज'चा रकाना पाहिलात. तिथे 'एम' (म्हणजे मल्टिपल, अनेकदा प्रवेश) हे अक्षर दिसल्यावरच चहाला हात लावलात. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवाल्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण परतताना अमेरिकेत पुन्हा शिरायचं असतं, याचा विचार सहलीच्या उत्साहात कोण करतो?

मग पाकिटाच्या पाठीवर तुम्ही त्या दिवसाचा हिशेब मांडलात. बोट कोझुमेल बेटाला लागणार, तुलुम तर समोरच्या किनाऱ्यावर. म्हणजे आधी छोट्या फेरीबोटीने प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तास, तिथून दक्षिणेला बसने तासभर, पुढे चालणं, रांगा. येताना पुन्हा तेच. सात-साडेसात तासांच्या सहलीत प्रत्यक्ष तटाच्या आत मिळतात जेमतेम दोन तास. "त्या पाच तासांची तयारी तुम्ही करा, दोन तासांची मी करून घेते," असं तुम्ही म्हणालात. आम्ही तोवर फक्त दोन तासांची स्वप्नं रंगवत बसलो होतो आणि तीही माहितीपत्रकातल्या निळ्याशार पाण्याच्या फोटोंवरून.

त्या निळ्या पाण्याची हवा तुम्हीच आधी काढलीत. जूनमध्ये या किनाऱ्यावर सरगासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगांनी येऊन पडतं, कासवांचा अंडी घालायचा मोसमही तोच. तेव्हा खाली वाळूवर उतरायला मिळेल हे धरूनच चालू नका, म्हणालात. उतरायचा जिना खरंच बंद होता. चिरंजीवांना आधीच कल्पना असल्यामुळे रडारड झाली नाही. बाकीच्या दोन कुटुंबांत झाली.

सहल बोटीच्या कंपनीचीच घ्यायची की बाहेरची, यावरून आमच्या घरात चांगलीच जुंपली होती. बाहेरची बरीच स्वस्त पडते. तुम्ही एकाच वाक्यात निकाल दिलात: "स्वस्तातल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबायची नाही, आणि सोबत सत्तरीची माणसं आहेत." येताना महामार्गावर वाहनं खोळंबून आमची बस अडकली, तेव्हा बसमधल्या कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. बोट आमच्यासाठी थांबणार होती आणि ती थांबलीही. पुढच्या वेळी तरुण मंडळीच जाणार असतील तर मी कदाचित बाहेरची घेईन, पण आईबाबांना घेऊन नाही.

घड्याळाचं तर तुम्ही पाठच करून घेतलंत. तुलुम आणि कोझुमेल ज्या राज्यात येतात त्या किंताना रोओमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. त्यामुळे जूनमध्ये तिथली वेळ फ्लोरिडाच्या एक तास मागे. बोट मात्र आपलीच वेळ पाळते आणि फोन मेक्सिकोचं नेटवर्क मिळालं की मुकाट्याने तासभर मागे जातो. फोन तीन वाजल्याचं सांगतो तेव्हा बोटीवर चार वाजलेले असतात. तुम्ही बाबांच्या हातातल्या चावीच्या एचएमटीकडे बोट दाखवून म्हणालात, "उद्यापासून सगळ्यांनी हे बघायचं. याला नेटवर्क नाही." बाबा दिवसभर दर पंधरा मिनिटांनी न विचारता वेळ सांगत होते, एवढा एक त्रास सोडला तर व्यवस्था अचूक. (टेक्ससच्या गॅल्व्हेस्टनहून निघणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. त्यांची वेळ उन्हाळ्यात जुळते आणि थंडीत कोझुमेल त्यांच्या तासभर पुढे असतं. बोटीवर विचारून घ्यावं हे बरं.)

आईचे बूट तुम्ही हातात घेऊन उलटे केलेत आणि तळावरून अंगठा फिरवलात. टाचेकडची नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. "चुनखडीचा दगड आहे, हजारो माणसांच्या पायांनी घासलेला. पाऊस पडला की साबण होतो," म्हणालात. नवे बूट आणवलेत आणि निघायच्या आधी घरातल्या जिन्यावर रोज घालून चढउतार करायला लावलीत. आईने कुरकुर केली, पण केली. त्या दिवशी सकाळी सर येऊन गेली होती. आमच्या पुढच्या गटातले एक गृहस्थ पायरीवर सपशेल बसले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कठडा धरून पुढे गेली.

खाण्याचं तुम्ही मोडून काढलंत याबद्दल मात्र ती तुमच्यावर अजून थोडी नाराज आहे. दशम्या आणि चटणी तिने मनात बांधूनही ठेवली होती. घरचं केलेलं बोटीवर चालत नाही, बोटीवरची फळं खाली उतरवू देत नाहीत, कारखान्यात बंद झालेली पाकिटं तेवढी चालतात, हे ऐकून ती म्हणाली, "मग माणसाने खायचं काय?" राजगिऱ्याची चिक्की आणि इलेक्ट्रालची पाकिटं, हे तुमचं उत्तर. दोन्ही संपली. तुलुमला जूनमधलं ऊन कोकणातल्या मे महिन्यासारखंच घाम काढतं आणि तटाच्या आत सावली जवळजवळ नाहीच. क्रीमच्या थरांपेक्षा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी, हा तुमचा आग्रह दुहेरी फायद्याचा होता: साध्या सनस्क्रीनमधली काही रसायनं तिथल्या प्रवाळांना घातक ठरतात.

फेरीबोटीत खालच्या मजल्यावर मध्यभागी बसायचं, उलटीची गोळी तासभर आधी घ्यायची, नाश्ता हलका ठेवायचा. हे सगळं केलं आणि तरी मला मळमळलं. आईबाबा ठणठणीत. कारण ते गप्पांत होते आणि विषय तुम्हीच पुरवला होता. स्पॅनिश यायच्या आधी माया स्त्रीपुरुष हीच सामुद्रधुनी होडग्यांतून ओलांडून कोझुमेलला इश्चेल देवीच्या दर्शनाला जात. बाळंतपण, विणकाम, औषधं, चंद्र, सगळं तिच्याकडे. आता आपण उलट्या दिशेने चाललोय, असं बाबा शेजारच्या अनोळखी अमेरिकन जोडप्यालाही समजावत होते.

आता त्या दोन तासांकडे येते. तुम्ही पुस्तकं दिली नाहीत याबद्दल आधी थोडं नवल वाटलं होतं. वहीच्या एका पानावर हाताने नकाशा काढून दिलात: एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना तट, तटात पाच अरुंद दरवाजे, उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन, पश्चिमेला एक. कोपऱ्यांवर टेहळणीच्या चौक्या. तट तीन ते पाच मीटर उंच आणि जाडी काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. आयुष्यभर किल्ले पालथे घातलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय लागतं? दरवाजातून आत जाताना बाबा पावलं मोजत गेले, मागची रांग तुंबली. बाहेर पडून ते म्हणाले, "एका वेळी एकच माणूस. बरोबर बांधलाय." मग पाणी कुठलं, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचंही उत्तर नकाशावर होतं: उत्तरेकडच्या तटाजवळ गोड्या पाण्याचा छोटा सेनोते. या द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीतच, पाऊस चुनखडीत मुरतो आणि अशा कुंडांतून वर दिसतो.

शहर इथेच का, हे समजावताना तुम्ही कोलंबसाची गोष्ट सांगितलीत, ती चिरंजीवांना तोंडपाठ झाली आहे. 1502 साली होंडुरासजवळच्या बेटापाशी त्याला व्यापाऱ्यांचं एक भलंमोठं होडगं भेटलं. त्यात सुती कापड, तांब्याच्या कुऱ्हाडी, कोकोच्या बिया. बिया खाली सांडल्या तर माणसं डोळा पडल्यासारखी त्या वेचायला वाकत होती, कारण त्या बिया म्हणजे चलन. अशा होडग्यांची ये-जा या सगळ्या किनाऱ्याने चालायची आणि तेराव्या ते पंधराव्या शतकात तुलुमची भरभराट त्यावरच झाली. ग्वाटेमालातून आलेला ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, इथे सापडला आहे. एल कास्तियो नावाची मोठी इमारत बारा मीटर उंच कड्याच्या टोकावर उभी आहे आणि समोरच्या प्रवाळांच्या रांगेत होड्या आत घेण्याजोगी फट आहे. रात्री या इमारतीतल्या दिव्यांवरून नावाडी ती फट शोधत असावेत, असं काही अभ्यासक मानतात. बाबांनी ते मानलेलं नाही. "वादळात दिवा टिकायचा कसा?" हा प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.

इमारतींवर चढू देत नाहीत हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तोही हिरमोड टळला. उलट लांबून काय बघायचं हे ठरलेलं होतं. दारांवरच्या कोनाड्यांत पाय वर, डोकं खाली असा उतरता देव. आईने तो शोधला आणि म्हणाली, "हा तर विहिरीत सूर मारतोय!" त्याच्या देवळाच्या भिंती मुद्दाम तिरक्या बांधलेल्या आहेत, खचलेल्या नाहीत, हे तिने दोन परक्या बायकांना खुणांनी पटवून दिलं. भित्तिचित्रांच्या देवळाच्या कोपऱ्यावर लगतच्या दोन बाजू मिळून एकच चेहरा दिसतो, त्यासाठी नेमकं कुठे उभं राहायचं ते नकाशावर फुलीने दाखवलेलं होतं. आणि हे सगळं एके काळी गिलावा करून रंगवलेलं होतं हे मनात धरा, ही तुमची सूचना. ती नसती तर करड्या दगडांपुढे उभं राहून आम्ही फोटो काढून परतलो असतो.

1842 साली प्रवासवर्णनकार स्टीफन्स आणि चित्रकार कॅथरवूड इथे आले, तेव्हा झाडोऱ्यात बुडालेल्या एल कास्तियोचं कॅथरवूडने काढलेलं चित्र तुम्ही छापून दिलं होतंत. बाबा ते पान हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, चित्रातली पायरी आणि समोरची पायरी जुळवत राहिले. वाऱ्याने पान फडफडत होतं, खालचं टोक चिरंजीवांनी धरलं. त्यांच्या पायाजवळ एक काळसर इग्वाना ढिम्म बसून होता; एरवी तोच दिवसाचा नायक ठरला असता.

सगळ्यात जास्त कामाला आली ती तुमची ताकीद. "माया लोक नाहीसे झाले, हे वाक्य पोरासमोर बोलायचं नाही." सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेल्या रोगांनी हे शहर रिकामं केलं, माणसं संपवली नाहीत. युकातान द्वीपकल्पातली माया भाषा आजही सात लाखांहून जास्त लोक बोलतात. तुम्ही शिकवलेलं 'बिश आ बेल' (कसे आहात?) चिरंजीवांनी गाईडला म्हणून दाखवलं, तेव्हा तो क्षणभर थांबला, 'मालोब' (छान) म्हणून हसला आणि त्यानंतर गटाला सांगायच्या गोष्टी सांगून झाल्या की आमच्याकडे वळून थोडं जास्तीचं सांगू लागला. त्याची आई घरी मायाच बोलते. पाऊस कधी येणार हे ती मुंग्यांवरून सांगते म्हणे. बाबांनी लगेच आपल्याकडच्या मुंग्यांचा दाखला दिला, मी भाषांतर करून करून दमले. तुम्ही सुट्टे पेसो वेगळ्या पाकिटात ठेवायला लावले होतेत, ते सगळे आनंदाने त्याच्या हाती गेले.

बाबांची आता पुढची तयारी सुरू झाली आहे. प्रोग्रेसो बंदरात उतरलं तर माया लोकांचंच उश्मल बघावं की चिचेन इत्सा, यावर त्यांना तुमचं मत हवंय, आणि ते फोनवर नको. येत्या रविवारी दुपारी आम्ही सगळे तुमच्याकडे येतोय. आई अळूवड्या घेऊन येणार आहे. इथे कुणाचं बंधन नाही, असं तिने मुद्दाम कळवायला सांगितलंय. तेवढं वहीचं एक कोरं पान काढून ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावर मध्यभागी बसूनही मळमळलेली