नाशिकच्या सहा अक्षरांसाठी, काका

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

डोळ्यांच्या त्रासामुळे तुमचं वाचन बंद झालंय, असं काकू फोनवर म्हणाल्या. म्हणून या पत्रात इंग्रजी अक्षरं मुद्दाम एकेक सुटी लिहिली आहेत. काकूंनी मोठ्याने वाचली की डोळे मिटूनही तुम्हाला जुळवता येतील. पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय, कारण इंग्रजीला भिणारी माझ्यासारखी पोरं आजही गावोगाव आहेत. अक्षरं फिरवून शब्द काढायची तुमची रीत त्यांच्याही हाती लागावी असं मला मनापासून वाटतं.

मी निफाडकडची, मराठी शाळेत शिकलेली. पंचवटीत तुमच्या माडीवर राहायला आले आणि कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात फळ्यावर स्पेलिंग चुकले. वर्ग हसला. त्या रात्री मी जेवायला खाली आले नाही, तर काकूंनी ताट वर पाठवलं. ते घेऊन तुम्हीच आलात आणि ताटाशेजारी पेढ्यांचा एक रिकामा खोका ठेवलात. आत जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीचे चौकोनी तुकडे होते, प्रत्येकावर काळ्या शाईने एक अक्षर.

"घरी काय पिकतं?" तुम्ही विचारलंत.

"द्राक्षं."

तुम्ही जमिनीवर जी, आर, ए, पी, ई अशी पाच अक्षरं मांडलीत. "यात आणखी एक फळ आहे, काढ." मी नुसती बघत बसले. तुम्ही जी बाजूला सारला आणि उरलेली चार फिरवलीत: पी, ई, ए, आर. पेअर! मग तीच चार परत फिरवलीत: आर, ई, ए, पी. रीप, म्हणजे पीक काढणं. त्यानंतर पेज निघालं, गिअर निघाला, आणि पाचही अक्षरं लावून पेजर. भात गार झाला होता, पण मी रडायची थांबले होते.

तुम्ही आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर म्हणून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवलेत. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, ई चा खण सगळ्यांत मोठा आणि क्यू, झेडचे खण इवलेसे का, हे तुमच्या बोटांना ठाऊक होतं: जे अक्षर जास्त लागतं, त्याचे खिळे जास्त. मोर्सच्या तारेच्या लिपीत ई ला नुसतं एक टिंब मिळालं तेही छापखान्यातले खिळे मोजूनच, हे मला पुढे कळलं. अक्षरं जुळवून शब्द करायच्या स्क्रॅबल या खेळाच्या 100 सोंगट्यांत ई च्या 12 आणि क्यूची एकच असते, तीही इंग्रजी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून ठरलेली. तुमच्या खोक्यातही ई चेच तुकडे सगळ्यांत जास्त होते.

तुमची रीत मला अजून पाठ आहे. आधी स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. मग एकमेकांना सोडून न राहणारी शोधायची: टी-एच, एस-एच, सी-के, एस-टी. क्यू दिसला की यू कुठे आहे ते पाहायचं. मग शेपट्या बाजूला काढायच्या: आय-एन-जी, ई-डी, ई-आर. शेपटी काढली की उरलेली तीन-चार अक्षरं आपोआप बोलतात. काहीच सुचत नसेल, तर अक्षरं रांगेत न ठेवता गोल मांडायची, म्हणजे डोळा पहिल्या अक्षराला चिकटून बसत नाही. आजही वर्गात एखादं पोर अडलं की मी तुकडे गोल मांडून देते, बाकी काही बोलत नाही.

आणि तुमचं ते लाँगबुक! सापडलेल्या शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून डावीकडे लिहायची आणि त्यासमोर शब्द. ई, आय, एल, एन, एस, टी या एकाच ओळीसमोर लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल आणि इनलेट्स असे पाच शब्द जमा झाले, तेव्हा मी जिन्यावरून ओरडत खाली आले होते. पुढे संगणकाच्या वर्गात असे शब्द शोधायचा प्रोग्राम शिकवला, त्यातही अक्षरं आधी क्रमाने लावूनच घेतली होती. वर्गात एकटी मीच मान डोलवत होते.

पण सगळ्यांत जास्त आभार मानायचेत ते नाशिकसाठी. "आपल्या गावाची अक्षरं पोटात असलेला शब्द काढ. वर आणखी कितीही अक्षरं घे," असं तुम्ही सांगितलंत. तुमच्या उमेदीच्या काळात स्पेलिंगमध्ये एच नव्हता: एन, ए, एस, आय, के. त्यात जी घालून तुम्ही आस्किंग केला होता. माझ्या वाट्याला एच आला, तर त्याच जी ने शेकिंग झाला. जी काढून ई घातला की हँकीज, हातरुमाल. चार दिवस लागले मला या दोन शब्दांना. तुम्ही म्हणालात, "अजून एक लांबलचक आहे. घाई नाही." पुढे कितीदा विचारलं, सांगितला नाहीत.

काका, तो मला गेल्या नोव्हेंबरात सापडला. मी आता सहावीला इंग्रजी शिकवते. जगातल्या सणांच्या तक्त्यावर अमेरिकेतला, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण होता. मुलं नाव मोठ्याने वाचत होती आणि माझा खडू हातातच राहिला. टी, एच, ए, एन, के, एस, जी, आय, व्ही, आय, एन, जी. थँक्सगिव्हिंग. घरी येऊन खोका उघडला, बाराही तुकडे मांडले, नाशिकची सहा त्यातून एकेक करून उचलली. सगळी मिळाली. तेव्हाच ठरवलं, हे पत्र लिहायचं.

खोका माझ्याकडेच आहे. झेडचा तुकडा झिजला होता, तेवढा नवा केलाय. त्यातलीच सहा अक्षरं पाठवते: ए, डी, ई, जी, एन, आर. सहाही लावायची. दोन शब्द मी काढलेत, तिसरा मागच्या बाकावरच्या एका मुलीने. तुम्हाला चौथा मिळाला तर काकूंना रात्रीच फोन लावायला सांगा, मी जागी असेन.

तुमची,
माडीवरची