ओंकारला पत्र: टर्मिनलवर पहिला प्रोग्राम चालवताना

प्रिय ओंकार,

काल फोनवर तुझा आवाज जरा उतरलेला वाटला. लॅबमध्ये पायथन भाषेत प्रोग्राम लिहून झाला पण चालवायचा कसा तेच कळेना, बाजूची मुलं काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करून मोकळी झाली आणि तू बघत बसलास, असं म्हणालास. फोनवर हे नीट सांगता येत नाही, मधेच रेंज जाते आणि तू नुसतं "हो हो" म्हणत राहतोस, म्हणून लिहून पाठवतेय. लॅपटॉप शेजारी उघडा ठेव आणि सावकाश वाच. आणि हो, कमांड मी इथे मराठी अक्षरांत लिहितेय, तू त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या.

तू विचारलंस की फाइलवर डबल क्लिक का नाही करायचं. करून बघ ना. एक खिडकी क्षणभर दिसते आणि गायब होते. प्रोग्राम चाललेला असतो बरं का, त्याने जे छापायचं ते छापलेलंही असतं, पण काम संपलं की विंडोज ती खिडकी बंद करून टाकतं आणि तुला वाचायला वेळच मिळत नाही. काही चुकलं असेल तर त्याचा मेसेजसुद्धा असाच जातो. तेच टर्मिनलमधून, म्हणजे त्या काळ्या खिडकीतून, चालवलं की प्रोग्राम येतो, चालतो, जातो, पण तो काय बोलून गेला ते समोर राहतं. मला विचारशील तर ही खिडकी शिकायची ती ह्याच्यासाठी. कॉम्प्युटर तुला प्रत्येक वेळी उत्तर देतो आणि ते वाचायची सवय लागली की निम्मी भीती गेली.

मी बँकेच्या कॉम्प्युटर सेक्शनला लागले तेव्हा आमच्याकडे डॉसच होतं, म्हणजे विंडोजच्या आधीची, सगळं टाइप करून चालवायची सिस्टिम. माऊस नाही, आयकॉन नाहीत, मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर "सी कोलन बॅकस्लॅश" आणि पुढे लुकलुकणारी रेघ. दिवसअखेरचे रिपोर्ट फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काढायचे, फ्लॉपीवर कॉपी करायचे, सगळं टाइप करूनच. तू आज फोल्डर बदलायला जी "सीडी" कमांड देशील ती डॉसमध्ये 1983 सालच्या 2.0 व्हर्जनपासून आहे, कारण डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच तेव्हा आला. म्हणजे तुझी आई बँकेत जे टाइप करायची तेच तू पुण्यात तुझ्या नव्या लॅपटॉपवर टाइप करणारेस आणि ते चालणारे, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं.

आता कामाचं. स्टार्ट मेनूत "सीएमडी" टाइप कर आणि एंटर मार. खिडकी उघडली की लगेच काही टाइप करू नकोस, आधी जी ओळ दिसतेय ती वाच. सी कोलन, मग युजर्स, मग तुझं नाव, आणि शेवटी "पेक्षा मोठं"चं चिन्ह (>). ही ओळ तुला सांगते की तू आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहेस. नव्या मुलांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं बघ, कोड बरोबर असतो, पायथन बरोबर असतं, पण फाइल असते डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये आणि मुलगा उभा असतो भलतीकडेच.

इथे काय काय आहे ते बघायला "डीआयआर" दे. फाइलींची यादी येईल. दुसऱ्या फोल्डरमध्ये जायला "सीडी", मग स्पेस, मग फोल्डरचं नाव. एक पायरी वर यायला "सीडी" आणि दोन टिंबं. फोल्डरच्या नावात स्पेस असेल, समजा "माय प्रोग्राम्स", तर नाव डबल कोटमध्ये टाकायची सवय ठेव, पुढे पायथनला फाइलचं नाव देताना तर ते लागतंच, नाहीतर एका नावाची दोन नावं होतात. त्यापेक्षा मी म्हणेन स्पेस नसलेलंच नाव ठेव. डी ड्राइव्हवर जायचं तर नुसतं "डी कोलन" लिहून एंटर मारायचं, सीएमडीमध्ये साध्या "सीडी"ने ड्राइव्ह बदलत नाही. आणि नाव पूर्ण टाइप करायची गरज नाही, पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाब, बाकीचं ते स्वतः भरतं. टॅबने भरलं नाही तर समज की त्या नावाचं इथे काही नाहीये, म्हणजे टॅब तुझी चूकही पकडून देतो. आधीची कमांड परत हवी असेल तर वरचा बाण.

एक सोपी युक्ती सांगते. नेहमीच्या फोल्डरच्या खिडकीत तुझा फोल्डर उघड, वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक कर, तिथे जे आहे ते पुसून "सीएमडी" लिही आणि एंटर. काळी खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते. पण आधी "सीडी"ने चालत जायला शीक आणि मग ही युक्ती वापर, कारण उद्या कंपनीच्या सर्व्हरवर काम करशील तेव्हा तिथे क्लिक करायला खिडकीच नसेल.

आता फाइल. नोटपॅड उघड आणि एकच ओळ लिही: प्रिंट, गोल कंस, कोटमध्ये "नमस्कार", कंस बंद. सेव्ह करताना नाव "हॅलो डॉट पीवाय" दे, पण खाली "सेव्ह ॲज टाइप" म्हणून जे असतं तिथे "ऑल फाइल्स" निवड. नाही निवडलं तर नोटपॅड बऱ्याचदा गुपचूप मागे "डॉट टीएक्सटी" लावतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे तुला फोल्डरमध्ये दिसताना सगळं बरोबर दिसतं आणि पायथन मात्र फाइल नाही म्हणतं. "डीआयआर" मात्र पूर्ण नाव दाखवतो, काही लपवत नाही. म्हणून शंका आली की "डीआयआर".

मग लिही "पायथन हॅलो डॉट पीवाय", मध्ये एक स्पेस, आणि एंटर. खाली "नमस्कार" आलं की झालं! पहिला प्रोग्राम चालला.

नाही आलं तर वैतागू नकोस, काय आलं ते वाच. अख्खी ओळ वाच, "एरर आला" एवढं मला सांगू नकोस. वेगवेगळ्या चुकांना तो वेगवेगळं बोलतो.

"पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड" असं काही आलं तर तुझ्या कोडचा संबंधच नाही, त्याला पायथन नावाचा प्रोग्रामच सापडलेला नाही. तू कमांड दिलीस की विंडोज ती पूर्ण डिस्कभर शोधत नाही, आधी तू उभा आहेस तो फोल्डर बघतं आणि मग "पाथ" नावाच्या यादीत जेवढे फोल्डर लिहिलेत तेवढेच, जसा आपला पोस्टमन नेमून दिलेल्या गल्ल्यांतच फिरतो. पायथन इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली "पाथमध्ये ॲड करा" अशा अर्थाची चौकट असते, तिथे टिक करायची राहिली की हे होतं. इन्स्टॉलर परत चालवून टिक कर, आणि काळी खिडकी बंद करून नव्याने उघड, कारण उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते. घाई असेल तर "पायथन"ऐवजी नुसतं "पीवाय" लिहून बघ, बऱ्याचदा तेवढ्याने चालतं. आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे बोट दाखवणारा मेसेज आला, किंवा स्टोअरच उघडलं, तरी अर्थ साधारण तोच, खरं पायथन त्याला सापडलेलं नाही.

"कान्ट ओपन फाइल" आणि पुढे "नो सच फाइल" आलं तर ही चांगली बातमी समज. पायथन सापडलं, सुरू झालं, फक्त फाइल मिळाली नाही. म्हणजे एकतर तू चुकीच्या फोल्डरमध्ये आहेस किंवा नाव चुकलंय. त्याच ओळीत त्याने फाइल कुठे शोधली तो पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो वाचलास की बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

"सिंटॅक्स एरर", म्हणजे भाषेच्या नियमांतली चूक, आला तर मात्र कोडकडे बघायचं. ओळ नंबर दिलेला असतो, खाली एक छोटं टोपीसारखं चिन्ह साधारण कुठे अडलं ते दाखवतं. कंस उघडा राहिला, कोट एकीकडेच लावला, असलं काहीतरी असतं. व्हॉट्सॲपवर मित्राने पाठवलेला कोड चिकटवलास तर त्यातले कोट कधीकधी वाकडे, सजावटीचे आलेले असतात, पायथनला सरळच कोट लागतात. आणि जुन्या व्हिडिओत बघून "प्रिंट"पुढे कंस न लावता लिहिलंस तर तो "मिसिंग पॅरेंथेसिस" म्हणेल, कारण ती पायथन 2 ची पद्धत, आणि पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 लाच संपला. अशा व्हिडिओंच्या नादी लागू नकोस.

अजून एक, हे खूप मुलांचं होतं. नुसतं "पायथन" लिहून एंटर मारलं की ओळीच्या सुरुवातीला तीन बाण येतात. तेव्हा तू विंडोजशी बोलत नसतोस, पायथनच्या आत गेलेला असतोस. तिथे "पायथन हॅलो डॉट पीवाय" लिहिलंस की सिंटॅक्स एररच येणार, कारण त्याच्या दृष्टीने ते पायथनमधलं वाक्यच नाही. "एक्झिट" आणि रिकामे कंस लिहून बाहेर ये. तसे ते तीन बाणही कामाचे आहेत, एखादी छोटी बेरीज, एखादी ओळ लगेच तपासायला मस्त. फक्त ओळीच्या सुरुवातीला काय आहे ते बघून मगच टाइप करायचं.

प्रोग्राम थांबतच नसेल, एकच ओळ हजार वेळा छापत सुटला असेल, तर कंट्रोल आणि सी एकत्र दाब. लॅपटॉप बंद करायची गरज नाही.

तुला वाटेल एवढ्याशा "नमस्कार"साठी आई केवढं सांगतेय. पण हा छोटा प्रोग्राम मुद्दामच पहिला देतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या ब्रायन कर्निघन यांनी 1970 च्या दशकात बी आणि मग सी भाषा शिकवताना असा प्रोग्राम दिला आणि तेव्हापासून जगभर तीच पद्धत पडली. त्यात हिशोब नाही, लॉजिक नाही, त्यामुळे तो चालला की एवढं पक्कं कळतं की फाइल लिहिणं, सेव्ह करणं, चालवणं आणि उत्तर कुठे दिसतं ते बघणं, ही सगळी साखळी तुझ्या मशीनवर जुळलेली आहे. उद्या मोठा प्रोग्राम अडला तर निदान पाया तपासून झालेला असतो.

त्याच बेल लॅब्समध्ये 1969 साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली, डेनिस रिची सोबत होते. तेव्हा स्क्रीन नसायची, टेलिटाइप असायचा, कागदावर सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापणारा. म्हणून युनिक्समधल्या कमांड इतक्या आखूड, "एलएस", "सीपी", "एमव्ही", आणि म्हणून काम नीट झालं तर कमांड काहीच बोलत नाही. पुढे युनिक्ससारख्याच लिनक्सवर जाशील तेव्हा हे लक्षात ठेव, फाइल कॉपी केली आणि पडद्यावर काहीच आलं नाही तर काम झालंय. परत परत तीच कमांड देत बसू नकोस.

"नमस्कार" खरं तर मी मुद्दाम सांगितलं. इंग्रजीत "हॅलो" सगळेच लिहितात. पायथन 3 ला देवनागरी व्यवस्थित कळतं, पण जुन्या काळ्या खिडकीत कधी चौकोन दिसतील, कधी काना-मात्रा फुटलेल्या दिसतील. तो दोष तुझ्या कोडचा नाही, त्या खिडकीला आपली अक्षरं नीट जोडून दाखवता येत नाहीत. विंडोज टर्मिनल नावाचं नवं ॲप आहे, त्यात बरंच बरं दिसतं, तेच वापर. आपल्या भाषेत प्रोग्राम बोलला की मला तरी आनंद होतो आणि चौकोन दिसतात म्हणून तू ते सोडून द्यावंस असं मला वाटत नाही.

जपायचं कुठे तेही सांगते. "डीईएल"ने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेली ती गेली. आणि इंटरनेटवरून उचललेली कमांड काय करते ते कळल्याशिवाय एंटर मारायचा नाही, मग सांगणारा कितीही हुशार असो. ही खिडकी "नक्की ना?" असं दर वेळी विचारत बसत नाही.

आता पुढचा प्रोग्राम तूच लिही. "इनपुट" वापरून नाव विचार आणि त्या नावाने नमस्कार कर. नाव टाइप करेपर्यंत तो गप्प थांबेल, अडकलाय असं समजू नकोस. मग वय विचार आणि पुढच्या वर्षी किती होईल ते छाप, तिथे तुला एक नवा एरर भेटेल, "इनपुट"ने आलेलं सगळं अक्षरं म्हणूनच येतं त्यामुळे त्यात 1 मिळवता येत नाही. उपाय मी सांगणार नाही. एरर लांबलचक असेल तर शेवटच्या ओळीपासून वाच, मुख्य गोष्ट तिथे असते, मग वर जा.

लॅबमध्ये अडलं तर सरांना विचार, अगदी निःसंकोच विचार, पण विचारताना "मी ह्या फोल्डरमध्ये होतो, ही कमांड दिली, ही ओळ आली" असं सांग. मला पाठवायचं असेल तर रात्री नऊनंतर पाठव, आणि स्क्रीनचा तिरका फोटो नको, ओळ कॉपी करून पाठव.

जेवण वेळेवर घे. मेसचं आवडत नसलं तरी सकाळचा नाश्ता चुकवू नकोस.

तुझी,
आई