आरशात माझ्या बाजूने पाहणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण माझ्या दातांवरच्या तारा काढल्या, तेव्हा चार शब्द बोलायचे मनात होते. पण जिभेला एकाएकी गुळगुळीत दात लागत होते आणि डोळे भरून आले होते, म्हणून "येते" एवढेच म्हणून मी जिना उतरले. ते राहिलेले बोलणे आज लिहून काढते आहे. उघड पत्र लिहिण्याचे कारण इतकेच की, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्यासारखी गोंधळलेली आणखी कोणी असेल, तर तिच्याही वाचनात हे यावे.

पुढे आलेला खालचा जबडा आमच्याकडे आजोबांपासून चालत आला आहे. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा तो तैलचित्रांत दिसतो, आमचा लग्नाच्या अल्बमांत. माझे खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या पुढे येत. त्यामुळे शेवई तुटत नसे, आणि बटण लावून झाल्यावर आई जसा दातांनी दोरा तोडते, तसा तो मला कधीच तोडता आला नाही. चौदाव्या वर्षी एका दवाखान्यात माझ्या खालच्या दोन उपदाढा काढून, तीन वर्षे तारा लावून, पुढचे दात मागे ओढण्यात आले. हाड अजून वाढायचे आहे, हे तेव्हा कोणीच बोलले नाही. जबडा व्हायचा तेवढा पुढे आलाच, आणि पुढे शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी तेच दात दीड वर्ष खपून पुन्हा पुढे ढकलावे लागले. मागे ओढण्याचे पैसेही आम्हीच दिले आणि पुढे ढकलण्याचेही.

शस्त्रक्रियेविषयी माझी तक्रार नाही. खालच्या जबड्याचे हाड तोंडाच्या आतूनच उभे दुभंगून सरकवण्याची जी पद्धत ट्राउनर आणि ओबवेगेसर या शल्यविशारदांनी १९५७ साली मांडली, तिच्या कृपेने माझ्या चेहऱ्यावर एकही व्रण नाही. टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत, त्या आत आहेत. अवघड होते ते नंतरचे. खालचा ओठ इतका बधिर होता की, भाताचे शीत हनुवटीवर चिकटलेले मला कळत नसे. पाहुण्यांसमोर आई स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खुणावायची. रबरांनी तोंड जखडलेले असल्यामुळे मी बोलत नसे, तर लोक मला बहिरी समजून ओरडून बोलत. एसटीत मी तळहातावर "सातारा" लिहून दाखवले, तेव्हा कंडक्टरकाकांनी माझ्याच हातातले पेन घेतले आणि त्याखाली निमूटपणे भाड्याचा आकडा लिहिला. त्या दिवसांत माझ्याशी योग्य आवाजात बोललेला तो एकमेव माणूस.

सूज उतरू लागली तसे माझ्या लक्षात आले की, दात जुळले आहेत, पण चेहरा जुळलेला नाही. तोंड सैल असताना हनुवटी मधोमध असे. दात मिटले की ती किंचित उजवीकडे जाई. मी हे त्या वेळच्या दंतवैद्यांना तीनदा सांगितले. त्यांनी तिन्ही वेळा "चावा" म्हटले, वरच्या आणि खालच्या दातांची मधली रेघ एका ओळीत आहे असे पाहिले, एक्स-रे प्रकाशासमोर धरला आणि उत्तम असल्याचे जाहीर केले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला आरसा पाहणे कमी करण्याचा सल्ला दिला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "असेल बाई, त्यांना जास्त कळतं." त्या रात्री मला स्वतःच्याच डोळ्यांचा संशय आला, आणि तेच या सगळ्यातले सर्वांत वाईट होते.

आपल्याकडे आले ती त्यानंतर दोन महिन्यांनी. आपण फाईल उघडली नाहीत. हातात आरसा दिलात आणि "काय दिसतं ते दाखवा" म्हणालात. मी दाखवू लागले. समोर बसून आपल्याला ते नीट दिसेना. तेव्हा आपण स्टूल ओढलेत, माझ्या खांद्याशेजारी येऊन बसलात, डोके माझ्या डोक्याजवळ आणलेत आणि त्याच आरशात पाहिलेत. "तुम्हाला तुमचा चेहरा उलटा दिसतो, आम्हाला सुलटा. तुमचा मला बघू द्या." मग भुवयांच्या मधून हनुवटीपर्यंत फ्लॉसचा पांढरा दोरा ताणून धरलात आणि सांगितलेत, "चावू नका. हळूच मिटा. पहिला दात टेकला की थांबा." मी थांबले, तेव्हा हनुवटी दोऱ्यावर होती. "आता चावा." दोरा जागेवर राहिला आणि हनुवटी त्याच्या उजवीकडे सरकली. आपण आरशातूनच माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "हो. सरकतंय."

डॉक्टर, एवढेच. एक सुळा आधी टेकतो आणि त्याला चुकवायला जबडा बाजूला जातो, म्हणून दातांची रेघ जुळते आणि चेहऱ्याची बिघडते, हे आपण नंतर समजावलेत. पुन्हा शस्त्रक्रिया लागणार नाही, हेही सांगितलेत. पण मी बरी झाले ती त्या दोन शब्दांनी, असे मला आजही वाटते. पुढचे दहा महिने म्हणजे तारांची नवी वळणे आणि एका बाजूच्या वरच्या सुळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या खालच्या सुळ्यापर्यंत तिरके ताणलेले रबर. त्या रबरांच्या पाकिटांवर प्राण्यांची चित्रे असतात. माझ्या वाट्याला ससा आला होता. जे होणार नव्हते, तेही आपण लपवले नाहीत. हनुवटीवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा अजून बधिर आहे, आणि ती तशीच राहू शकते, हे मला आपल्याकडूनच कळले. आधीच्यांनी "होईल सगळं नीट" असे म्हटले होते. त्यापेक्षा आपले हे सांगणे मला कितीतरी धीराचे वाटले.

आपली खुर्ची सोडून दुसऱ्याच्या शेजारी येऊन बसणारी माणसे थोडी असतात. अशी माणसे ज्ञानाने लहान होत नाहीत; उलट, स्टूलवर बसूनच आपल्याला तो सुळा सापडला.

दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री न चुकता लावते आहे. मात्र एक गुन्हा कबूल करायचा राहिला. परवा भाच्याच्या शर्टाला बटण लावत होते. कात्री हाताशी नव्हती. दोरा दातांत धरला आणि तो कटकन तुटला. आईने मान वर करून पाहिले, पण ती काही बोलली नाही. असे करायचे नसते, हे आपण रागावून सांगाल, याची मला कल्पना आहे. पुन्हा करणार नाही.

आपली ऋणी,
साताऱ्याची आपली एक पेशंट